पोशेऱ्याच्या अलीकडची माणसं

मी मंडप भाड्यानं देते. मंडप, खुर्च्या, पातेली, सतरंज्या. नाशिकला पंचवटीत माझं गोडाऊन आहे आणि ते मी आणि माझा नवरा विलास, आम्ही दोघांनी एका हातगाडीवरच्या भांड्यांपासून उभं केलं आहे. भाव पाडायला आणि भाव राखायला आमच्या गल्लीत मला तोड नाही. धावण्याशी मात्र माझा कधी संबंध आला नव्हता. बेचाळीस किलोमीटर धावणार असं मी सांगितलं तेव्हा बबन, म्हणजे आमचा टेम्पो चालवणारा, शांतपणे म्हणाला, "वहिनी, टेम्पो आहे की आपल्याकडे."

नाशिकची एक लहानशी संस्था जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर औषधपाणी करते. तिला रुग्णवाहिका घ्यायची होती. त्यासाठी जव्हारहून मोखाड्यापर्यंत आणि परत अशी मॅरेथॉन ठेवली होती. धावणाऱ्यानं आपापल्या ओळखीतून पैसे जमवायचे. मी बाजारपेठेतला एक माणूस सोडला नाही. शेवटी भांड्यांचा घाऊक व्यापारी किसनशेठ गाठला. त्यानं बोललेला आकडा मी चहा संपायच्या आत दुप्पट करून घेतला. तोही काही कच्चा नव्हे. "देतो मंदाबाई, पण पूर्ण धावलात तर. मध्ये बसलात तर छदाम नाही." मी म्हटलं, चेक लिहून ठेवा.

पण मी रुग्णवाहिकेसाठी जात नव्हते. तीन वर्षांपूर्वी लग्नसराईत विलास आणि बबन जव्हारला एका लग्नाचा मंडप उतरवून परत येत होते. वाटेत विलासच्या छातीत कळ आली. बबननं टेम्पो दामटला. पोशेऱ्याकडे फाटा फुटतो त्याच्या अलीकडे एक वळण आहे, तिथं रस्त्यात गुरं होती, मोळ्या घेतलेली माणसं होती. बबन हॉर्नवर हात ठेवून ओरडत राहिला. माणसं बाजूला झाली. विलास पुढच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसला होता. मोखाडा यायच्या आत संपलं.

"ओळीनं उभे राहून बघत होते, वहिनी," बबन त्या दिवशी म्हणाला होता. "एक माणूस पुढं आला नाही. काय झालंय म्हणून एकानं विचारलं नाही."

हे वाक्य मी तीन वर्षं सांभाळलं. गिऱ्हाईक नसलं की मी ते काढून बघायचे. मला त्या ओळीतल्या एका तरी माणसासमोर उभं राहून विचारायचं होतं, तुमच्या तोंडाला काय झालं होतं? मॅरेथॉनचा कागद हातात आला आणि रस्ता तोच दिसला, तेव्हाच मी नाव दिलं.

जव्हार

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा असं करत एसटी जव्हारला पोचते. ते वळण आलं तेव्हा मी खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं. कोणी नव्हतं. कापलेल्या भाताची खाचरं, एक वाळलेला ओहोळ, आणि रस्त्याच्या कडेला दगडांवर वाळत घातलेली एक गोधडी. एवढ्याशा जागेचा मी तीन वर्षं राग केला होता. डोक्यातलं वळण पुष्कळ मोठं होतं.

जव्हार उंचावर आहे. थंडीत तिथली हवा नाशिकपेक्षा कोरडी वाटते, आणि दुपारी चारनंतर ऊन असूनही अंगाला लागत नाही. संस्थेनं आमची उतरायची सोय एका शाळेच्या वर्गात केली होती. मुंबई-पुण्याकडून आलेली पोरं-पोरी रंगीत बुटांत हिंडत होती, एकमेकांना गुडघ्याच्या पट्ट्या दाखवत होती. सगळी धावपळ अनुजा नावाची एक मुलगी सांभाळत होती. वय पंचविशीचं, आवाज बसलेला, तरी बोलणं थांबत नव्हतं. "काकू, तुम्ही आमच्या इन्स्पिरेशन आहात," ती मला म्हणाली. मी तिला विचारलं, मैदानातला मंडप कितीला घेतलास? तिनं सांगितलं. मी कपाळावर हात मारला. पोरीला पार लुटलं होतं.

संध्याकाळी माझ्या बुटाचा तळ एका बाजूनं सुटलेला दिसला. बाजारात हनीफभाई नावाचे एक गृहस्थ चपला-बूट शिवतात, आणि त्याच फळीवर बॅगांच्या चेनी पण बसवतात. दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी बूट हातात घेऊन वाकवून पाहिला.

"पळायला आलात ना? उद्या?"

"हो. किती घेणार?"

"राहू द्या."

"राहू द्या म्हणजे? भाव सांगा."

"गाडीसाठी पळताय ना तुम्ही लोक, ॲम्ब्युलन्ससाठी? मग मी काय घेऊ?"

मला राग आला. फुकट देणाऱ्याशी घासाघीस करता येत नाही, आणि घासाघीस केल्याशिवाय घेतलेल्या वस्तूवर माझा विश्वास बसत नाही. मी पैसे फळीवर ठेवले, त्यांनी परत माझ्याकडे सरकवले. असं तीनदा झालं. शेवटी मी त्यांच्याकडून मला नको असलेली एक पिशवी विकत घेतली. तिचा भाव मात्र मी पाडला, आणि त्यांनी हसत पाडू दिला.

निघताना मला मोठ्या बहिणीचा मान देत म्हणाले, "बाजी, एक सांगू? मोखाड्याच्या रोडवर एकट्या नका पळू. सगळ्यांच्या सोबत राहा."

"का? चोर आहेत?"

"चोर कुठले! तिकडं कोणी उगाच पळत नाही, इतकंच." पुढचं गिऱ्हाईक आलं आणि ते त्याच्या चपलेत गुंतले.

शिरपामाळ

संस्थेनं आम्हा सगळ्यांना दुपारीच शिरपामाळला नेऊन आणलं होतं. गावाजवळच उंचावर मोकळी जागा आहे. शिवाजी महाराज इथं थांबले होते असं सांगतात, आणि ती आठवण तिथं बांधूनही ठेवली आहे. पोरांनी उड्या मारत फोटो काढले. मी कठड्याशी उभी राहिले. डोंगरामागे डोंगर, सगळे वाळक्या गवताच्या रंगाचे, आणि मध्ये कुठं कुठं कौलारू घरांचे चार-पाच ठिपके. त्या ठिपक्यांपर्यंत जाणारा रस्ता मात्र मला दिसला नाही. मी बराच वेळ शोधला.

अनुजा शेजारी येऊन म्हणाली, "काकू, हे सगळे पाडे आपल्याकडे आहेत. यातल्या कितीतरी ठिकाणी अजून माणसाला डोलीत घालून आणावं लागतं. बांबूला घोंगडी बांधायची आणि खांद्यावर घेऊन पळायचं."

"आणतात ना?" मी म्हटलं. "मग रस्त्यावरच्या माणसाला का मदत करत नाहीत?"

तिला काय समजणार? ती म्हणाली, "काकू, पाणी भरपूर प्या."

रात्रीच्या जेवणात नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि सुकटीची चटणी होती. मुंबईच्या पोरांनी वास घेऊन ताट बाजूला सारलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आमच्याकडची बाजरीची भाकरी तव्यावर फुगून बोलते. ही काळपट, गुमान पडून राहणारी, पण पोटात गेली की बसते. वाढणारी बाई मला म्हणाली, "खा बाय, उद्या चालायचा हाय." मी म्हटलं, "धावायचं आहे." तिनं मान डोलावली. दोन्हीत तिला फार फरक वाटला नसावा.

मोखाड्याकडे

अंधारातच सोडलं आम्हाला. ढोल होते, कुणीतरी झेंडा दाखवला, आणि शंभरेक माणसं एकदम उताराला लागली. जव्हारचा शेवटचा दिवा मागे पडेपर्यंत मी घोळक्यात होते. मग घोळका पुढं गेला. मग शेवटचे दोघं-तिघं पुढं गेले. मग फक्त माझ्या बुटांचा आवाज राहिला.

धावणं म्हणजे काय ते मी नाशिकला गोदाकाठी सहा महिने शिकले होते, पण तिथं रस्ता सपाट असतो. इथं प्रत्येक उतार पुढच्या चढाचं कर्ज असतो. उजाडलं तेव्हा धुकं खाचरांत साचलेलं होतं. वाटेतले पाडे निम्मे रिकामे होते. दिवाळी झाली की तरणी माणसं वीटभट्ट्यांवर, भिवंडीकडं, ठाण्याकडं जातात. मागं राहतात ती म्हातारी माणसं, कोंबड्या, आणि दाराला आडवी लावलेली काटकी. आमच्या गल्लीत घर बंद असलं तर दहा जण विचारतात, कुठं गेलीत? इथं काटकी बघायची आणि समजून घ्यायचं.

थंडी होती म्हणून मी शर्यतीच्या बनियनवर विलासचा जुना स्वेटर चढवला होता. माझा नंबर त्याखाली झाकला गेला होता. ही गोष्ट माझ्या नंतर लक्षात आली.

मागून संस्थेची जीप आली. शेवटच्या माणसाच्या मागं राहायचं हे तिचं काम. त्यातला पोरगा दर पाच मिनिटांनी डोकं बाहेर काढून विचारी, "मावशी, बसता का?" तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. मी थांबून त्याला म्हटलं, "पुन्हा विचारलंस तर दगड घालीन काचेवर. जा पुढं." तो बिचारा पुढं गेला. असा मी माझा शेवटचा साक्षीदार हाकलून दिला.

आणि ते वळण आलं.

डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी रस्त्याच्या कडेनं येत होती. काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत, गळ्यात मण्यांच्या माळा. मला बघून ती थांबली. मोळी खाली टाकली. एकटी बाई, डोळ्यांतून पाणी येतंय, तोंड उघडं, पुरुषाचा स्वेटर घातलेला, आणि मोखाड्याकडं पळते आहे.

"कोन आजारी हाय गं बाय?" तिनं ओरडून विचारलं.

तीन वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो प्रश्न. त्याच वळणावर. माझ्या अंगाचा भडका उडाला. थांबून चार गोष्टी सुनवाव्यात असं वाटलं, पण थांबले तर पाय पुन्हा उचलणार नाहीत हेही कळत होतं, आणि डोळ्यांसमोर किसनशेठचं तोंड होतं. मी पळता पळताच ओरडले, "आता विचारताय होय? माझा नवरा! माझा नवरा!"

ती मागून काहीतरी म्हणाली. मी वळून बघितलं नाही.

मोखाडा

मोखाड्याला आठवड्याचा बाजार होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुकी मासळी, मिरच्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, पोत्यांवर मांडलेली वांगी. जिथून आम्ही परत फिरायचं तिथं संस्थेनं एक टेबल मांडलं होतं. टेबलावरचा पोरगा केळी आवरायला लागला होता.

"काकू, बाकीचे सगळे परतले. वेळ संपत आलीय. गाडीनं सोडू?"

"किसनशेठला सोड तुझ्या गाडीनं," मी म्हटलं. त्याला किसनशेठ कोण हे माहीत नव्हतं, पण त्यानं एक केळं पुढं केलं.

मी मीठ लावून अर्धं केळं खाल्लं. बाजारातल्या एका बाईकडं उकडलेले कंद होते, त्यातला एक घेतला. तिनं सांगितलेला भाव मी गुपचूप दिला. अंगात वाद घालण्याइतकंसुद्धा बळ उरलं नव्हतं. उजव्या गुडघ्यावरची सूज लिंबाएवढी होती ती आता मोसंबीएवढी झाली होती. ऊन चढलं होतं. परत फिरले तेव्हा मी धावत नव्हते, लंगडत होते, आणि लंगडताना सारखी मनात वाक्यं जुळवत होते. म्हातारी भेटली तर काय बोलायचं, कुठून सुरू करायचं, कुठल्या शब्दावर आवाज चढवायचा. सौदा करायच्या आधी मी नेहमी अशीच तयारी करते.

वळण

वळणावर माणसं उभी होती.

लांबून मला ती ओळच दिसली. बबननं सांगितली तशीच. पण जवळ गेल्यावर ती ओळ मोडली आणि सगळी माझ्याकडं पळत आली. पुढं ती मोळीवाली म्हातारी. तिच्यामागे तीन म्हातारे, त्यांच्या खांद्यावर बांबू, बांबूला दोन्ही टोकांना बांधलेली गोधडी, मी एसटीतून दगडांवर वाळताना पाहिली होती तीच. एका बाईच्या हातात पाण्याची कळशी. आणि कडेला एक काळी-पिवळी जीप उभी. तिच्यातले उतारू उतरून झाडाखाली बसले होते, पिशव्या मांडीवर घेऊन.

"गाडी नाय मिळाली ना तुला?" म्हातारी म्हणाली. तिचं नाव जानीबाय, हे नंतर कळलं. "आमाला वाटलाच. म्हून ही धरून ठेवलीय. चल, कठं हाय तुजा नवरा?"

मी कडेच्या दगडावर टेकले.

"कवाचं शोधतोय," डोलीवाला एक म्हातारा म्हणाला. त्याचं धोतर काट्यांनी फाटलेलं होतं. "जव्हारकडं दोन पाडे बघून आलो. वरच्या पाड्यात इचारला. कोनाकडंच पडलेला मानूस नाय. मंग म्हनलं, रस्त्यात तं पडला नसंल? ओहोळ बी बघितला."

तेव्हा मला हनीफभाईचं बोलणं आठवलं. इथं उगाच कोणी पळत नाही. एकटं माणूस पळताना दिसलं की त्याचा एकच अर्थ असतो. सकाळी रंगीत बुटांत घोळक्यानं गेलेली आणि परतलेली पोरं त्यांना जत्रेसारखी वाटली असणार. मी त्या जत्रेतली आहे हे त्यांना कशावरून कळावं? आणि मी तर स्वतः ओरडून सांगितलं होतं, माझा नवरा.

"पन तू पळालीस कठून?" जीपचा ड्रायव्हर पांडू पुढं आला. भिवंडीत राहून आलेला, शर्टाची कॉलर उभी. "किधर है पेशंट? सांग ना मावशी. टाइम जातो."

मी स्वेटर वर करून छातीवरचा नंबर दाखवला. म्हटलं, शर्यत आहे. रुग्णवाहिकेसाठी पैसे जमवायची शर्यत आहे. कोणी आजारी नाही.

ते बघत राहिले. मग झाडाखालचा एक उतारू हसला. मग जानीबाय हसली, तिचे दोनच दात दिसले. "आगं बाय! गाडीसाठी पळतेस? पळून गाडी मिळतं?" डोलीवाल्या म्हाताऱ्यानं बांबू खाली ठेवला आणि खांदा चोळत म्हणाला, "बरा झाला. कोन आजारी नाय ना, बरा झाला."

त्यांनी चिडायला हवं होतं. मी असते तर चिडले असते. माझ्या गोडाऊनसमोर कुणी खोटी ओरड करून माझी माणसं दोन-तीन तास गुंतवून ठेवली असती तर मी भाडं वसूल केल्याशिवाय सोडलं नसतं. ते चिडले नाहीत म्हणून मीच चिडले.

"आज डोली घेऊन आलात," मी म्हटलं. आवाज चढला तो चढलाच. "तीन वर्षांपूर्वी कुठं होता? याच जागेवरून एक टेम्पो गेला होता. खुर्च्या भरलेला, लाल कापडाचा. पुढच्या सीटवर माझा नवरा होता. ड्रायव्हर ओरडत होता. तुम्ही ओळीनं उभे राहून बघत बसलात! एकानं विचारलं नाही, काय झालं म्हणून!"

जानीबाय माझ्या तोंडाकडं बघत होती. मग म्हणाली, "लाल कापडाचा. हां. लगनाचा मंडप होता त्यात."

"हो."

"तो तं गाडीत होता, बाय."

"म्हणून काय झालं?"

तिला माझा प्रश्नच समजला नाही. ती डोलीवाल्याकडं वळली, जणू त्यानं मला समजावून सांगावं. तो म्हणाला, "गाडीत बसला म्हंजे सुटला ना मानूस. गाडी मिळेपर्यंत तर सगळा खेळ. आमी गाडीपर्यंत नेतो. पुढं गाडीचं काम. मंग इचारायला थांबवायचा कशाला? टाइम जातो. रस्ता द्यायचा."

"गुरं हाकलली आमी," जानीबाय म्हणाली. "मोळ्या टाकल्या. कडेला उभं ऱ्हायलो. गाडीचा आवाज जाईपर्यंत कोन हलायचा नाय, आमच्यात तसाच हाय. तुजा ड्रायवर शिव्या घालत होता. मी म्हनलं, जवळचा मानूस असंल, जीव तुटत असंल त्याचा."

आमच्याकडं रस्त्यात कुणी पडलं की गर्दी होते. दहा जण वाकून विचारतात, काय झालं, कुठले तुम्ही, शुगर आहे का. पाचजण फोन लावतात. विचारणं हीच आमची मदत. मी तीन वर्षं त्या मापानं त्यांना मोजत होते.

जानीबायनं कळशी माझ्या पुढं केली. मी पाणी पीत असताना तिनं साध्या आवाजात विचारलं, "मंग? बरा झाला ना तो?"

तिला खरंच वाटत होतं की तो बरा झाला. तीन वर्षं ती माणसं असंच समजत होती. गाडी मिळालेला एक माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत सुटून गेला होता, आणि त्यांना त्याचं समाधान होतं.

हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलं होतं. मोठ्यानं, दातओठ खाऊन बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते कुजबुजल्यासारखं. "नाही झाला. मोखाडा यायच्या आत गेला."

जानीबायनं कळशी हळूच खाली ठेवली. डोलीवाल्यानं डोक्याचा फडका काढला. झाडाखालचे उतारू उठून उभे राहिले. कुणी हळहळ बोलून दाखवली नाही. एक बाई फक्त म्हणाली, "गाडीत असून?" आणि दुसरीकडं बघायला लागली. मला वाटलं, मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं आहे जे मला परत देता येणार नाही.

मी उठायला गेले तर गुडघा वाकेना. पुन्हा गेले, पुन्हा बसले. जव्हार अजून बरंच लांब होतं.

"चल, बस गाडीत," पांडू म्हणाला.

"मला धावत जायचंय. पूर्ण नाही केलं तर पैसे मिळणार नाहीत."

"आता काय धावतेस? गाडी तुझ्यासाठी थांबवलेली. तू बसल्याबिगर हे लोक हलणार नाहीत. पब्लिक बी बसनार नाय."

मी उताऱ्यांना म्हटलं, आधी तुम्ही बसा. त्यांनी माना हलवल्या. आजारी माणसाच्या गाडीत दाटी करत नाहीत म्हणे. मी म्हटलं, मी आजारी नाही. त्यांनी माझ्या गुडघ्याकडं बघितलं. शेवटी तडजोड झाली: जव्हारच्या दोन बायका मागं बसतील, बाकीचे पुढच्या गाडीची वाट बघतील. एवढाच सौदा मला जमला.

डोलीवाल्यांनी मला दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. पांडूनं गाडी सुरू केली.

आणि ती सगळी कडेला झाली. आपोआप, कुणी न सांगता, एका ओळीत. जानीबाय, तीन म्हातारे, कळशीवाली, झाडाखालचे उतारू. कुणी हात हलवला नाही, कुणी काही बोललं नाही. फक्त बघत होती. मी खिडकीला डोकं टेकलं आणि मला दिसलं, विलासला शेवटचं काय दिसलं असेल ते. वाईट नव्हतं ते. त्यांच्या तोंडावर घाई होती, माझ्यासाठीची घाई, आणि ती दाबून धरलेली होती, गाडीच्या आड येऊ नये म्हणून.

रस्ता वळेपर्यंत आरशात ती तशीच उभी दिसली.

जव्हार, दुपार

मैदानावरचा मंडप उतरवायला लागले होते. उतरवणारी पोरं कापडाची घडी चुकीची घालत होती, त्यानं शिवण जाते. मी नेहमीप्रमाणे ओरडायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. लंगडत गेले, कापडाचं एक टोक धरलं, आणि त्यांना घडी घालून दाखवली.

अनुजा धावत आली. "काकू! कुठं होता तुम्ही? पायाला काय झालं?" मी तिला एवढंच सांगितलं की पूर्ण झाली नाही. ती पदक घेऊन आली तरी. म्हणाली, घ्या हो, फोटो काढू, तुमच्या त्या शेठला दाखवा. मी पदक हातात घेऊन बघितलं. पातळ पत्रा होता, वरून सोनेरी. परत दिलं.

किसनशेठला फोन लावला.

"पुरी केलीत?"

"नाही. पोशेऱ्याच्या अलीकडे बसले."

त्याला हसू आलं असणार, पण त्यानं ते गिळलं. माझ्या आवाजात काहीतरी असेल. म्हणाला, "शर्त ती शर्त, मंदाबाई. पण एवढं पळालात. अर्धे देतो."

पहिल्या बोलीला हो म्हणायचं नाही, हा माझा धंद्यातला पहिला नियम. अर्ध्याचे पाऊण करायला मला दोन मिनिटं लागली नसती, आणि ते पैसे माझ्यासाठी नव्हतेच.

"द्या," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

रुग्णवाहिका अजून आलेली नाही. अनुजा म्हणते, येईल.

नाशिक

बबन स्टँडवर न्यायला आला होता, टेम्पो घेऊन. मी त्याच पुढच्या सीटवर बसले. गोडाऊन येईपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं. गुरं हाकलली होती, मोळ्या टाकल्या होत्या, रस्ता दिला होता. तो बरा झाला असंच त्यांना वाटत होतं.

बबननं गाडी गोडाऊनसमोर लावली, पण उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. म्हणाला, "मग आता शिव्या कुणाला घालायच्या, वहिनी?"

मी दाराची कडी चाचपत होते. ती बाजूची कडी पहिल्यापासून घट्ट आहे, आतून सहज उघडत नाही. विलास नेहमी म्हणायचा, करून घेऊ.

"माहीत नाही," मी म्हटलं. "खाली उतर आणि बाहेरून दार उघड."